मेंढरं बाहेर आहेत, बंद करू नये

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, दुपारचं जेवण झाल्यावर

चि. बन्सी यास,

तुझा दाजी केरबा याचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथं जसे असायचे तसे आहोत. तुझी ताई बानाबाई ठणठणीत आहे आणि तिच्या ठणठणीतपणाचा सगळा त्रास मला होतो. तिकडची खुशाली कळव. पांढऱ्या कानाच्या मेंढीचा खोकला गेला का? त्या वेंधळ्या एडक्यानं पुन्हा बाभळीत शिंगं अडकवली का? मोतीच्या कानातले गोचीड वेळच्या वेळी काढतोस ना? (तो कुत्रा कान धरू देत नाही, आधी भाकरी दाखवावी लागते, हे मी तुला दहा वेळा सांगितलंय, अकराव्यांदा सांगतो.) तुझी, तुझ्या बायकोची आणि पोरीची तब्येतही बरी असेलच. तुमचं नंतर विचारलं म्हणून राग मानू नको. माणसं दुखलं तर बोलून दाखवतात, मेंढरं दाखवत नाहीत.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तू घाटात असलास की तुझा फोन लागत नाही. लागला तर तुझी ताई माझ्या हातातून ओढून घेते, मग गावात कोण कोणाशी बोलत नाही त्याची उजळणी होते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र कन्नडच्या जीपवाल्याच्या हाती देतोय. पोचल्याचं कळव, नाहीतर मला वाटत राहील की त्यानं त्यात वडे बांधले.

तर बन्सी, गेले अकरा दिवस मी मेंढरं राखतोय. दचकू नको. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी कळप तुझ्या हवाली करून मी इकडं आलो, हे माझ्या पक्कं ध्यानात आहे. ही मेंढरं वेगळी आहेत. ही आपल्या प्रांजलीच्या लॅपटॉपात आहेत.

झालं असं की आपली नात कॉम्प्युटरचं शिकली, हे तुला माहीत आहे. आम्हाला वाटलं आता कंपनीत लागेल. ती लागली खेळ बनवायला. ती आणि तिची मैत्रीण अमृता, दोघी मिळून. (अमृता चित्रं काढते. गुणी पोर आहे, पण चहाला कधी नाही म्हणत नाही.) मोठ्या कंपनीच्या जिवावर नाही, दोघातिघांनी घरात बसून असे खेळ करायचे, त्याला इंडी गेम म्हणतात. आणि ह्यांच्या खेळात गोळीबार नाही, गाड्यांची शर्यत नाही, गोष्ट आहे. धुरपा नावाची पोर आणि तिचा आजा चाळीस मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात निघतात. धुरपा कोणाशी काय बोलणार, कुठल्या वाटेनं जाणार, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. आपण धुरपा व्हायचं. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, मला परकर-पोलक्यातली पोर व्हायला लावलं. झालो.

येत्या बुधवारी हा खेळ पुण्याला पाठवायचा आहे. तिथं गोष्टीचे खेळ करणाऱ्यांचा मेळावा असतो. निवडला गेला तर ह्या पोरींना पुढं काम मिळतं. नाही गेला तर हे सगळं गुंडाळून बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं, असं आमच्या रामहरीनं तिला सांगितलंय आणि पोरीनं ते कबूल केलंय. बाप म्हणून त्याचं चुकत नाही. पण दीड वर्ष ही पोर त्या लॅपटॉपापुढं बसून आहे. पाठीला बाक आला, चष्म्याचा नंबर वाढला. आणि खेळ सगळा झाला, फक्त शेवट होईना. ते सांगतो पुढं. आधी मला माझा वैताग सांगू दे.

प्रांजली म्हणाली, आबा, तुम्ही जन्मभर मेंढरं राखली, तुम्ही खेळून बघा, कुठं चुकलं ते सांगा. मी म्हटलं सांगतो. पहिल्याच दिवशी लांडगा आला. बन्सी, तुला लांडगा माहीत आहे. मागून येतो, वाऱ्याच्या खालून येतो, आपण डोळा चोळेपर्यंत कोकरू घेऊन गेलेला असतो. ह्या खेळातला लांडगा समोरून येतो, धुरपापुढं उभा राहतो आणि माझी पाळी येईपर्यंत थांबतो! मी चष्मा पुसला, नाक शिंकरलं, पाणी प्यालो. लांडगा उभा. मी एक बटण दाबलं, धुरपानं गोफण फिरवली, मग लांडग्याची पाळी. तो थोडा गुरगुरला, पुन्हा माझी पाळी. एवढंही जमत नसेल तर "निवांत लढाई" नावाचं बटण आहे, ते दाबून माणसानं चहा घेऊन यावा, तोवर लढाई होऊन गेलेली असते. आणि हरलं तर? काही नाही. धुरपा लिंबाखाली बसते, आजा तिला गुळाचा खडा देतो, पुन्हा उठायचं आणि चालायचं. कोणी मरत नाही. मी प्रांजलीला म्हटलं, "हा लांडगा हाय का घरजावई हाय? थांबा म्हटलं की थांबतोय."

तर म्हणते कशी, "आबा, लोक दिवसभर हापिसात भांडून येतात. घरी येऊन पुन्हा बोटं दुखंपर्यंत कोण लढंल? त्यांना गोष्ट पाहिजे असती."

"मग लांडगा ठेवलाच कशाला? काढून टाक."

"लांडगा नसला तर राखणीला कोण बसंल? अन् राखणीला बसलं नाही तर आजा अन् नात शेकोटीपाशी बोलतील कधी?"

मी म्हटलं, मिरची कमी झाली होती भाजीत. आणि उठलो.

दुसरा वैताग असा की पडद्याच्या कोपऱ्यात सारखं लिहिलेलं असतं, "मेंढरं : ४०". आपण कधी मेंढरं आकड्यात मोजली का रे? तोंडं बघायची, कोण दिसत नाही ते मनात उमटतं. असा उघडा आकडा लावून ठेवायचा म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यानं नजर लावावी म्हणून पाटी टांगण्यासारखं झालं. मी प्रांजलीला सांगितलं, ती हसली. मग मी तुझ्या ताईच्या पाकिटातली एक मोठी टिकली घेतली आणि त्या आकड्यावर चिकटवली. अमृता लॅपटॉप बघून म्हणाली, पडदा फुटला का? तुझी ताई म्हणाली, "माझी टिकली मशीनला लावली, उद्या मंगळसूत्र घालतील." (हीच बाई तांदूळ निवडता निवडता कान देऊन बसते बरं का. मी चौथी शिकलेला, एकेक ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचतो, आणि मी जरा थांबलो की इकडून आवाज येतो, "पुढं काय म्हणली धुरपा?")

पण खरी भांडणं लागली ती बंद करण्यावरून. पहिल्या दिवशी सूनबाईनं जेवायला हाक मारली. प्रांजली म्हणाली, आबा, बंद करा आणि या. मी बघितलं तर मेंढरं माळावर पांगलेली. वाघरीचं जाळं भोवती लावलेलं नाही, धुरपा एकटी, आजा लिंबाखाली डुलक्या घेतोय. अशा वेळी बंद कसं करायचं? मी म्हटलं, ताट इथं आण. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी रामहरी शिफ्टवरून आला आणि त्यानं येता येता ते झाकण खाली केलं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "आबा, ती चित्रं हायेत. झाकण लावलं की हायेत तिथंच राहतात, काय पळून जात नायत." मी म्हटलं, "तू कधी राखली व्हय मेंढरं? तुला काय माहीत, झाकणाखाली काय होतं?" मग मी एका चिठ्ठीवर जाड अक्षरात लिहिलं, "मेंढरं बाहेर आहेत, बंद करू नये", आणि लॅपटॉपाच्या पाठीला डिंकानं चिकटवली. घरात मला सगळे हसतात. हसू देत. पहिल्या आठ दिवसांत एक मेंढरू गेलं नव्हतं.

गेलं ते मंगळवारी.

मंगळवारी मला गुलमंडीवर जाणं भाग होतं. लग्नसराई तोंडावर आहे आणि माझ्याकडं धड धोतर नाही. प्रांजली अमृताच्या मशीनवर काम करायला तिच्याकडं गेली होती, घरात कोणी नव्हतं. तुझी ताई भजनाला गेली होती, आणि असती तरी तिच्या भरवशावर मी कळप सोडला नसता. (तिच्या राज्यात एकदा सगळी मेंढरं पाटलाच्या हरभऱ्यात शिरली होती, ती आजही मान्य करत नाही.) शेवटी मी लॅपटॉप उघडाच टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि रिक्षात बसलो. क्रांती चौकापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं सिग्नलला आतून मेंढरू ओरडलं. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. पुन्हा ओरडलं. तो म्हणाला, "चचा, बकरी नीचे उतारो." मी म्हटलं बकरी नाही, मेंढी आहे, आणि खरी नाही. तर शेजारी बसलेली बाई पदर सावरून दाराकडं सरकली. मला उतरून पुढं चालत जावं लागलं.

आपले हमीदभाई कापडवाले तुला आठवतात. तीस वर्षं आपण त्यांच्याकडून धोतरं आणि पटके घेतो. त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला, मशीनला वीज लागते म्हटल्यावर पंख्याची पिन काढून तिथं चार्जर लावून दिला. मी टॉवेल बाजूला केला. मेंढरं जाग्यावर होती. आता त्या वेळी खेळात कुठवर आलं होतं ते सांगतो, नाहीतर तुला कळणार नाही. धुरपा आठवडी बाजारात पोचली होती आणि एक व्यापारी तिला विचारत होता, ही लंगडी मेंढी देतेस का? खाली दोन चौकटी : "देते" आणि "नाही देत". हा व्यापारी दोन दिवस तसाच उभा होता, कारण मी काहीच दाबलं नव्हतं. "नाही देत" म्हटलं तर तो दुखावेल आणि पुढं कधी त्याची गरज पडली तर तोंड फिरवेल, अशी मला धास्ती होती. आणि द्यायची तर नव्हतीच. ती लंगडी मेंढी सगळ्यात मागं चालते, सगळ्यांच्या आधी पाण्याचा वास घेते. खेळात घाई करत नाहीत, हा एकच गुण मला पटला होता, तो मी पुरेपूर वापरत होतो.

मी धोतराचा पोत बघायला जरा वळलो. तेवढ्यात हमीदभाईंनी पडद्यावर वाचलं आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. "क्या चचा, गिराक को ऐसा खडा रखते क्या?" असं म्हणून त्यांनी "देते" दाबलं.

बन्सी, मी ओरडलो तेव्हा समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. व्यापारी निघाला. त्याच्यामागं ती लंगडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर थांबली आणि मान वळवून कळपाकडं बघितलं, एकदाच. मग गेली. हे अमृताला कोणी सांगितलं असेल? ती जन्मात कधी मेंढीच्या पाच हातांच्या आत गेलेली नाही. हमीदभाई बिचारे घाबरले, म्हणाले, "मेरेकू क्या मालूम चचा, मैं दुसरी दिलाता." काय दुसरी देणार? ते कापडवाले आहेत. मी लॅपटॉप गुंडाळला आणि निघालो. धोतर तिथंच राहिलं.

घरी येऊन प्रांजलीला म्हटलं, मेंढी परत आण. तूच केलीस ना, तूच आण. तर म्हणते, "आबा, ह्या खेळात माघारी जाता येत नाय. लढाई सोपी ठेवली, पण दिलेला शब्द अन् दिलेली वस्तू परत घेता येत नाय. आम्ही मुद्दाम तसं केलंय." मी म्हटलं, लांडगा मऊ केलास आणि व्यापारी असा कडक? हा कुठला न्याय? तुझी ताई मधेच म्हणाली, "खरी ऐंशी मेंढरं दिली तवा गडी गुमान येऊन एसटीत बसला. कन्नडपासून इथपर्यंत घोरला. अन् चित्रातल्या एका लंगडीसाठी धोतर टाकून आलात?"

मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. पण प्रांजलीनं दिलं. ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली आणि मग तिनं पुन्हा तेच विचारलं, जे ती महिनाभर विचारतेय. आता शेवटाचं सांगतो.

खेळाच्या शेवटी पाणी सापडतं. आजा थकलेला असतो. तो कळप धुरपाच्या हवाली करतो आणि एकटा शहराच्या वाटेला लागतो. तिथं आजा काय करतो, काय बोलतो, ते ह्या पोरींना सुचत नाही. म्हणून ती मला विचारते, "आबा, तुम्ही बन्सी आजोबांना कळप दिला, त्या दिवशी काय वाटलं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काय वाटायचं? सुटलो." तिनं ते लिहून घेतलं. तसंच्या तसं खेळात घातलं. आजा म्हणतो, "सुटलो", आणि जातो. संपलं. आतापर्यंत आठ जणांनी खेळून बघितलं. सगळे म्हणतात, गोष्ट लई चांगली, पण शेवटी काय झालं? दुकानाचं शटर पाडल्यासारखं वाटतं. अमृता म्हणते, आजा एवढा चांगला माणूस, असा कसा जाईल? मी म्हटलं, माणसं जातात तशी. पुण्याला बुधवारी पाठवायचंय आणि ह्या दोघी शेवटापाशी अडून बसल्यात. रोज विचारतात. मंगळवारीही विचारलं. मी म्हटलं, गुडघ्याला तेल लावायचंय, नंतर बोलू.

वैताग आहे बघ सगळा. एवढं शिकून पोरींना एक म्हातारा वाटेला लावता येईना, आणि दोष कोणाचा, तर माझा.

असो. पत्र लिहायचं कारण एवढंच की प्रांजली आणि अमृता रविवारी सकाळच्या एसटीनं तुझ्याकडं येतायत. मी त्यांना सांगितलंय की तुमच्या खेळातली मेंढरं मांजरासारखी ओरडतात, खरा आवाज भरून आणा. त्यांच्याकडं यंत्र आहे. त्यांना उन्हात फिरवू नको, ताक दे, आणि एडक्याच्या पुढून जाऊ देऊ नको. अमृताला कुत्र्याचं भय आहे, मोतीला बांध.

तुझ्या घरात, वाड्यावर आणि वाघरीच्या आतबाहेर जे जे कोणी आहेत, त्यांना माझी आठवण पोचव.

तुझा दाजी,
केरबा

ता. क. १ : मी वर खेळाला नावं ठेवली, ती आपसातली गोष्ट आहे. पुण्याचं कोणी चुकून तिकडं आलंच आणि तुला विचारलं, तर सांगायचं की खेळ एक नंबर आहे आणि लांडगा अगदी खऱ्यासारखा आहे.

ता. क. २ : हमीदभाईंनी धोतर घरी पाठवून दिलं. सोबत निरोप पाठवला की मेंढीचं कळून रात्रभर वाईट वाटलं. चांगला माणूस आहे. खेळ बनवणाऱ्यांनी व्यापारी तसा करायला पाहिजे होता.

ता. क. ३ : राजनंदिनी बाळा, बापाला पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथून पुढचं चुलीपाशी सगळ्यांसमोर वाचू नको. त्याला कडेला घेऊन जा आणि त्याच्या एकट्याच्या कानाशी वाच.

बन्सी, आवाज भरायचं निमित्त आहे. त्यांच्या खेळातली मेंढरं चांगली ओरडतात, रिक्षावाला फसला म्हणजे बघ. पोरींना मी तुझ्याकडं पाठवतोय, कारण मी खोटं बोललो आणि ते खोटं आता तिच्या खेळाच्या शेवटी जाऊन बसलंय. त्यापायी पोरीचं दीड वर्ष वाया जाईल. मी सुटलो नव्हतो. ती माझ्यासमोर वही घेऊन बसली की मला गुडघ्याचं तेल आठवतं, मिरची आठवते, सगळं आठवतं, पण तोंडातून ते निघत नाही. तुझी ताई तेव्हा पुढं स्टँडवर जाऊन बसली होती, तिला काही माहीत नाही. पाहिलं ते तू एकट्यानं. तू सांग तिला. सांगशील तेव्हा मी तिथं नसेन, म्हणून सांगता येईल तेवढं सांग.

त्या दिवशी मी स्टँडच्या वाटेवरून तीनदा माघारी आलो. तिन्ही वेळा तुला म्हणालो की काठी विसरली. काठी माझ्या हातात होती. आणि तू तिन्ही वेळा वाकून, वाघरीच्या कडेकडेनं, मेंढरांच्या पायांत माझी काठी शोधलीस.